पाठराखणीविना परगावी

जून-जुलै उजाडला की नांदेड, लातूर, अमरावती, जळगाव, सांगली, रत्नागिरी येथून पुणे, मुंबई, हैदराबाद आणि बंगळुरूकडे निघणाऱ्या गाड्या तरुण प्रवाशांनी भरून जातात. अभियांत्रिकीची अथवा वाणिज्य शाखेची पदवी हाती पडलेली असते, नियुक्तिपत्र आलेले असते, घरी पेढे वाटून झालेले असतात. वार्षिक वेतनाचा आकडा, ज्याला आता खेड्यापाड्यांतही ‘पॅकेज’ म्हणतात, तो नात्यागोत्यात महिनाभर चघळला जातो. मात्र हा मुलगा किंवा ही मुलगी त्या अनोळखी शहरात कोणाच्या आधारावर राहणार, तापाने फणफणली तर उशाशी कोण बसणार, कामावर अपमान झाला तर मन कोणापाशी मोकळे करणार, हे प्रश्न त्या चर्चेत फारसे येत नाहीत. आलेच तर ‘सगळेच जातात, रुळेल हळूहळू’ या एका वाक्यात त्यांचा निकाल लावला जातो.

‘रुळेल हळूहळू’ हे वाक्य दिसते समंजस. प्रत्यक्षात ते जबाबदारी झटकण्याचे वाक्य आहे. रुळणे ही जणू केवळ येणाऱ्याची क्रिया आहे, ज्या गावात तो येतो त्या गावाचा तिच्याशी काही संबंध नाही, असे त्यात गृहीत धरलेले आहे. हे गृहीतकच मुळात चुकीचे आहे. माणूस परगावी रुळतो तो तेथील समाजाने त्याला आपलेसे केले म्हणून. जेथे समाज आपलेसे करत नाही, तेथे माणूस रुळत नाही. तो फक्त टिकून राहतो. आणि आज देशाच्या महानगरांत लाखो तरुण रुळलेले नाहीत, केवळ टिकून आहेत.

नववधूला पाठराखीण होती

परगावी जाऊन नव्या माणसांत नव्याने आयुष्य सुरू करणे ही काही संगणकयुगाने निर्माण केलेली परिस्थिती नव्हे. २०११ च्या जनगणनेत देशातील स्थलांतरितांची संख्या सुमारे ४५ कोटी नोंदली गेली आणि त्यांत सर्वाधिक भरणा होता तो विवाहानंतर सासरी गेलेल्या स्त्रियांचा. म्हणजे ‘घर सोडून परक्या ठिकाणी स्थिरावणे’ हा अनुभव भारतातील घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या घेतला गेलेला आहे. त्या अनुभवासाठी समाजाने व्यवस्था उभी केली होती. नववधूबरोबर माहेरची एक जाणती पाठराखीण जात असे. उंबरठ्यावर माप ओलांडून तिचे स्वागत होई. पहिल्या वर्षीच्या सणांना माहेरी नेण्याची, मंगळागौरीसारख्या निमित्ताने शेजारपाजारच्या समवयस्क मुलींशी तिची ओळख करून देण्याची रीत होती. सासुरवास खोटा नव्हता. अनेकींच्या वाट्याला दुःखच आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु नवखे माणूस एकटे सोडायचे नसते, हे तत्त्व त्या व्यवस्थेला मान्य होते.

हेच तत्त्व पुरुषांच्या स्थलांतरातही दिसते. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना केली आणि पुढील काही दशकांत कोकण आणि घाटावरील हजारो शेतकरी कुटुंबांतील कर्ते पुरुष लालबाग, परळ, डिलाईल रोडच्या चाळींत आले. त्यांना कोणत्याही गिरणीमालकाने सामावून घेतले नाही. त्यांना सामावून घेतले गावकऱ्यांनी. एकेका गावाच्या मंडळाने चाळीत खोली धरली, वर्गणी काढून तिचे भाडे भरले, भिंतीलगत पत्र्याच्या पेट्या एकीवर एक रचल्या. दिवसपाळीचे लोक कामावर गेले की रात्रपाळीचे लोक त्याच जागेवर पथारी टाकत. नव्याने आलेल्या पोराला बदली कामगार म्हणून कोठे उभे राहायचे, जॉबरशी कसे बोलायचे, पहिला पगार होईपर्यंत कोणत्या खाणावळीत उधारीवर जेवायचे, हे सांगणारे कोणीतरी त्या खोलीत असे. तो आजारी पडला तर त्याला बोटीवर बसवून गावी पोचवणारेही त्याच खोलीतून निघत. खाणावळी चालवणाऱ्या बायांनी कित्येक पिढ्यांना जेवू घातले. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी याच खाणावळवाल्या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. त्यांची राजकीय विचारसरणी वेगळी होती, म्हणून त्या कामाचे मोल कमी होत नाही.

शिक्षणासाठी परगावी येणाऱ्यांची कथाही अशीच आहे. पुण्यात माधुकरी मागून, वार लावून जेवून शिकलेल्या विद्यार्थ्यांनी महाराष्ट्राला विद्वान दिले. या प्रथेची मर्यादा उघड होती. ती जातीच्या कुंपणात अडकलेली होती. ज्याला वार मिळत होते तो शिकला, ज्याला उंबऱ्याच्या आतच घेतले जात नव्हते तो वंचित राहिला. ही उणीव ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांतील विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास प्रारंभ केला. कर्मवीर भाऊराव पाटील त्याच्याही पुढे गेले. १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात त्यांनी सर्व जातींची मुले एका पंक्तीला बसवली. १९५५ साली अच्युतराव आपटे यांच्या पुढाकाराने पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती स्थापन झाली आणि ग्रामीण भागातील हजारो विद्यार्थ्यांना निवास मिळाला. प्रत्येक पिढीत कोणीतरी उठले आणि म्हणाले, ‘हा परगावचा पोर माझा आहे.’ या पिढीत तसे म्हणणारे कोण आहे, हा खरा प्रश्न आहे.

‘आमची कंपनी हेच एक कुटुंब’

त्या प्रश्नाचे उत्तर आज खासगी कंपन्या मोठ्या उत्साहाने देतात. रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशी नवागताला ‘तू आता आमच्या कुटुंबाचा घटक आहेस’ असे सांगितले जाते. हाती शोभिवंत पिशवी दिली जाते, तिच्यात कंपनीचे नाव छापलेला कप आणि टीशर्ट असतो. वर्षातून एकदा सहल निघते, दिवाळीला कार्यालयात आकाशकंदील लागतो आणि कर्मचाऱ्यांनी पारंपरिक वेष करून छायाचित्रे काढून घ्यावीत अशी अपेक्षा असते.

यातील कप, टीशर्ट आणि सहल यांना कोणाचाच आक्षेप असण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो ‘कुटुंब’ या शब्दाच्या वापराला. ज्या कुटुंबात प्रत्येक सदस्याची वर्षाअखेरीस गुणानुक्रमे प्रतवारी लावली जाते आणि तळाच्या सदस्यांना बाहेरचा रस्ता दाखवला जातो, ते कुटुंब कोणत्या शास्त्रात बसते? कुटुंबात दुर्बळाला अधिक मिळते. येथे दुर्बळ आधी वगळला जातो. कुटुंबात आजारपण ही सर्वांची काळजी असते. येथे ती रजेच्या हिशेबाची बाब असते. रात्री अकरा वाजता आलेल्या निरोपाला उत्तर दिले नाही तर ‘कुटुंबभावना’ कमी पडली असे समजले जाते, मात्र बाजार मंदावला की एका सकाळी ओळखपत्र बंद पडते आणि दाराशी उभा असलेला सुरक्षारक्षक त्या ‘कुटुंबीया’ला आत सोडत नाही. उद्योगाने नफा मिळवावा, कामाची शिस्त ठेवावी. तो त्याचा धर्म आहे. परंतु करार हा करार म्हणून सांगावा. त्यावर नात्याचे पांघरूण घालून घरापासून तुटलेल्या तरुणाच्या भावनिक भुकेचा फायदा घेऊ नये.

दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळ येथे भारतीय मजदूर संघाची स्थापना केली, तेव्हापासून त्या संघटनेनेही ‘औद्योगिक कुटुंब’ ही संकल्पना मांडली आहे. पण त्या संकल्पनेत आणि या घोषणेत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेथे कुटुंब म्हणजे परस्परांची बांधिलकी, वर्गसंघर्षाला दिलेले भारतीय उत्तर. येथे कुटुंब म्हणजे एकतर्फी निष्ठेची मागणी.

एकाकीपणाचे मंत्रालय

दुसरे उत्तर देतात ते व्यक्तिस्वातंत्र्याचे भाष्यकार. त्यांच्या मते घरापासून दूर जाणे म्हणजेच मुक्ती. नातेवाईकांची लुडबुड नाही, शेजाऱ्यांच्या चौकशा नाहीत, सणावारांची सक्ती नाही; माणूस अखेर स्वतःचा धनी झाला. चित्रपट, जाहिराती आणि इंग्रजी वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या हे चित्र रंगवताना थकत नाहीत. या मांडणीत तथ्याचा अंश नाही असे नव्हे. गावातील कोंडवाड्यातून, जातीच्या टोमण्यांतून, मुलगी म्हणून लादलेल्या बंधनांतून अनेकांना शहराने मोकळे केले आहे. त्या मोकळेपणाचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु ज्या पश्चिमेकडून हे तत्त्वज्ञान आयात झाले तेथे त्याचे पुढे काय झाले, हे हे भाष्यकार सांगत नाहीत. २०१८ च्या जानेवारीत ब्रिटनने एकाकीपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला. २०२१ साली पूर्वेकडे असूनही पश्चिमेची वाट चोखाळलेल्या जपानने तेच केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ सालच्या अहवालात जगातील दर सहा माणसांपैकी एक जण एकाकीपणाने ग्रासलेला असल्याचे नमूद केले. शेजाऱ्याने करावयाचे काम जेव्हा शासनाला खाते उघडून करावे लागते, तेव्हा त्या समाजाने काय गमावले आहे हे सांगण्यासाठी वेगळ्या टीकाकाराची गरज उरत नाही. भारताला ही वाट शेवटपर्यंत चालून मगच परत फिरण्याची काहीही आवश्यकता नाही.

दूरध्वनीवर रोज चेहरा दिसतो, मग दुरावा कोठे राहिला, असेही विचारले जाते. पडद्यावरच्या आईला मुलाच्या कपाळाला हात लावून ताप पाहता येत नाही, एवढे उत्तर त्याला पुरेसे आहे. शिवाय त्या पडद्यावर मूल नेहमी हसरेच दिसते. आईवडिलांना काळजी नको म्हणून ‘जेवलो, सगळे छान आहे’ असे सांगणाऱ्या मुलांच्या खोलीत त्या रात्री काय शिजले आणि काय शिजले नाही, हे त्या पडद्यावर येत नाही.

दार कोणी बंद केले?

कंपन्यांना आणि पाश्चात्त्य विचारांना दोष देणे सोपे आहे. अवघड आहे ते स्वतःच्या दाराकडे पाहणे. पुण्यात हिंजवडीला, खराडीला नोकरी लागलेला तरुण प्रथम जागा शोधायला निघतो तेव्हा त्याला नकार कोण देतो? कोणी परकीय शक्ती नव्हे. नकार देतात ती गणेशोत्सवात हिरिरीने भाग घेणारी, संस्कृतीचा अभिमान बाळगणारी मध्यमवर्गीय कुटुंबेच. ‘अविवाहितांना जागा नाही’ असा ठराव सहनिवासाच्या सभेत एकमताने मंजूर होतो. एकट्या मुलीला जागा देताना तिच्या येण्याजाण्याच्या वेळांची उलटतपासणी होते. आणि कित्येकदा भाडे, अनामत रक्कम, अकरा महिन्यांचा करार हे सारे ठरल्यावर घरमालक सहज विचारल्यासारखे आडनाव विचारतो, ते ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी दलालाकरवी निरोप येतो की जागा आधीच दिली गेली आहे.

हा तिसरा नकार सर्वांत विषारी आहे. व्यासपीठावरून ‘हिंदवः सोदराः सर्वे’ म्हणायचे आणि सदनिका भाड्याने देताना आडनाव चाळायचे, हा ढोंगीपणा हिंदू समाजाला आतून पोखरतो. त्या नकाराने एका तरुणाची फक्त खोली जात नाही; त्याच्या मनातून हा समाज आपला आहे हा विश्वासही जातो. मग उद्या कोणी त्याला समाजाविरुद्ध चिथावले तर दोष चिथावणाऱ्याला द्यायचा की दार बंद करणाऱ्याला? समरसता भाषणाने येत नाही. ती किल्ली हातात ठेवण्याने येते.

ज्यांना ही खोली मिळत नाही ते मग ‘कॉट बेसिस’वर राहतात. एका खोलीत चार खाटा, चौघांच्या चार पाळ्या, चौघांच्या चार भाषा. जेवण मेसमधले किंवा मोबाईलवरून मागवलेले. शेजारच्या खाटेवरचा माणूस कोणत्या गावचा हे सहा महिन्यांनीही ठाऊक नसते. गिरणगावातील पत्र्याच्या पेट्यांची खोली याहून अधिक दाटीची होती, पण त्या दाटीत माणूस एकटा नव्हता.

बंगळुरूचे फलाट

ही उदासीनता केवळ व्यक्तीच्या दुःखापुरती राहत नाही, ती राष्ट्राच्या ऐक्याशी भिडते, याचा पुरावा ऑगस्ट २०१२ मध्ये बंगळुरूच्या रेल्वेस्थानकावर दिसला. आसाममधील हिंसाचारानंतर ईशान्य भारतीयांवर हल्ले होणार अशा अफवा मोबाईल संदेशांतून पसरल्या. उपाहारगृहांत, सौंदर्यगृहांत, सुरक्षारक्षक म्हणून आणि संगणक कंपन्यांत काम करणारे हजारो तरुण-तरुणी हाती लागेल ते सामान घेऊन स्थानकावर लोटले. गुवाहाटीसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. पुण्यातूनही अनेक जण परतले. त्या वेळी संघाचे स्वयंसेवक फलाटावर धावून गेले, जाणाऱ्यांना धीर दिला, थांबण्याची विनंती केली, अन्नपाण्याची सोय केली. हे काम अभिमानास्पदच होते.

परंतु त्या प्रसंगाचा दुसरा अर्थही लक्षात घेतला पाहिजे. वर्षानुवर्षे एका शहरात काम करणाऱ्या माणसाला एका खोट्या संदेशाने एका रात्रीत पळून जावेसे वाटते, याचा अर्थ त्या शहरात ‘काही झाले तर मी त्यांच्या घरी जाईन’ असे म्हणावे असे एकही घर त्याच्या ओळखीचे नव्हते. अफवा खोटी होती, पण तिच्यावर विश्वास ठेवायला लावणारे एकटेपण खरे होते. फलाटावर दिलेला धीर कितीही मनापासूनचा असो, तो अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला दिलेला धीर असतो. तो धीर दोन वर्षे आधी जेवणाच्या ताटावर दिला गेला असता तर फलाटावर जाण्याची वेळच आली नसती.

हे कसे करता येते याचे उदाहरणही याच परिवारात आहे. १९६६ पासून अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेच्या प्रेरणेने ‘अंतर-राज्य छात्र जीवन दर्शन’ हा उपक्रम चालतो. ईशान्येतील विद्यार्थी अन्य प्रांतांतील कुटुंबांत पाहुणे म्हणून राहतात, त्यांच्या स्वयंपाकघरात वावरतात, त्यांना आई-बाबा म्हणतात. ही नाती पुढे आयुष्यभर टिकल्याची उदाहरणे आहेत. जे काम काही दिवसांच्या पाहुण्यांसाठी होऊ शकते, ते कायमच्या रहिवाशांसाठी का होऊ नये?

येणाऱ्याचेही कर्तव्य

अर्थात टाळी एका हाताने वाजत नाही. जो तरुण पाच वर्षे बंगळुरूत राहून कन्नडची दहा वाक्ये शिकत नाही, त्याला त्या शहराच्या परकेपणाविषयी तक्रार करण्याचा अधिकार नाही. हेच पुण्यात राहून मराठीकडे पाठ फिरवणाऱ्यालाही लागू आहे. स्थानिक भाषा शिकणे ही मेहेरबानी नव्हे, ज्या गावाचे पाणी प्यायचे त्या गावाचे ते ऋण आहे. मात्र भाषा मारहाणीने शिकवता येत नाही. ती शिकवावी लागते भाजीवाल्याच्या हातगाडीपाशी, गणपतीच्या आरतीत, शेजाऱ्याच्या ओसरीवर. ज्याला ओसरीच नाकारली त्याच्याकडून भाषेची अपेक्षा करणे हा दुटप्पीपणा आहे.

नवागताने स्वतःहून चार पावले टाकावीत. परिसरातील मंदिर, वाचनालय, व्यायामशाळा, रक्तपेढी यांच्याशी संबंध जोडावा. ‘मी येथे दोन वर्षांसाठीच आहे’ हा विचार मनातून काढावा. दोन वर्षांचे पाहुणे म्हणून राहणारे अनेकजण त्या शहरात वीस वर्षे काढतात आणि वीस वर्षे पाहुणेच राहतात.

शाखेसमोरील काम

संघाच्या विस्ताराचा इतिहास हाच मुळात परगावी जाऊन तेथे मुळे रुजवण्याचा इतिहास आहे. नागपूरचा तरुण केशव हेडगेवार १९१० साली वैद्यकीय शिक्षणासाठी कलकत्त्याला गेला. १९३७ साली भाऊराव देवरस लखनौला विद्यार्थी म्हणून गेले आणि तेथे त्यांनी शाखा उभी केली. यादवराव जोशी कर्नाटकात गेले, दादाराव परमार्थ मद्रासेत. यांपैकी कोणाच्याही खिशात पॅकेज नव्हते. त्यांना सांभाळले ते त्या त्या गावातील घरांनी. एका वेळचे जेवण एका घरी, दुसऱ्या वेळचे दुसऱ्या घरी, अशा रीतीने संघ देशभर पोचला. परक्या मातांच्या हातचे अन्न खाऊन जे संघटन मोठे झाले, त्या संघटनेच्या कार्यकर्त्याला परगावच्या मुलाचे दुःख वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

२०२५ साली विजयादशमीला संघाने शंभर वर्षे पूर्ण केली. शताब्दीच्या निमित्ताने मांडलेल्या पंचपरिवर्तनात कुटुंब प्रबोधन आणि सामाजिक समरसता हे दोन्ही विषय आहेत. कुटुंब प्रबोधनाचा अर्थ एका छताखालच्या सुखी कुटुंबाने आठवड्यातून एकदा एकत्र जेवावे एवढाच घेतला, तर त्यातून सुखी कुटुंबे अधिक सुखी होतील, इतकेच. त्या साप्ताहिक भोजनाच्या पंगतीत एक पान परगावच्या माणसासाठी मांडले गेले तर मात्र कुटुंब प्रबोधन आणि समरसता ही दोन्ही कामे एकाच ताटावर साधतील.

यासाठी नव्या समितीची, निधीची वा कार्यालयाची आवश्यकता नाही. शाखेच्या परिसरात किती वसतिगृहे आणि ‘पेइंग गेस्ट’ खोल्या आहेत याची माहिती मुख्य शिक्षकाला असावी. गाव सोडून जाणाऱ्या प्रत्येक तरुणाची, तो स्वयंसेवक असो वा नसो, वार्ता त्या शहरातील कार्यकर्त्यापर्यंत आधी पोचावी आणि पहिल्या आठवड्यात कोणीतरी त्याच्या दारी जाऊन यावे. रात्री-अपरात्री रुग्णालयात बरोबर येईल अशा एका माणसाचा दूरध्वनी क्रमांक त्याच्या खिशात असावा. एकट्या मुलींसाठी राष्ट्र सेविका समितीच्या भगिनींनी हेच करावे. दिवाळीत ज्यांना रजा मिळत नाही त्यांचे अभ्यंगस्नान आणि फराळ कोणाच्या तरी घरी व्हावा. आणि सहनिवासाच्या सभेत अविवाहितांना वा विशिष्ट आडनावांना दार बंद करणारा ठराव आला, लेखी असो की अलिखित, तर त्या सभेतील किमान एका माणसाने उभे राहून विरोध नोंदवावा. तो माणूस स्वयंसेवक असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

आईवडिलांनीही मुलाला निरोप देताना पगाराच्या आकड्याबरोबर एक प्रश्न विचारावा: ‘तेथे तुझे कोण आहे?’ उत्तर ‘कोणी नाही’ असे आले, तर ते मुलाचे वैगुण्य नव्हे. ज्या शहरात तो निघाला आहे तेथील हिंदू समाजाचे ते वैगुण्य आहे. ते दूर करणे म्हणजे उपकार नव्हे. पूर्वी कोणीतरी केलेल्या पाठराखणीची ती परतफेड आहे, आणि ही परतफेड थकवणाऱ्या समाजाला संघटित म्हणवून घेण्याचा अधिकार उरत नाही.